नातं : मामा

ससा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर तोच मागे वळून बघायचा, की बुवा कोणाला बोलावतायत. ऑफिसातल्यांचं म्हणणं, हे नाव कामावरून पडलं : जे जे रेंगाळतं त्याला हा पळवतो. आईचं म्हणणं, स्वभावावरून. दोघांचंही बरोबर होतं. ससा लिफ्टला घाबरायचा, कुत्र्याला घाबरायचा, फोन वाजला की घाबरायचा आणि बराच वेळ वाजला नाही तर जास्त घाबरायचा.

त्या सकाळच्या भीतीला मात्र कारण होतं. ताईचं पित्ताशय काढायचं होतं, आणि ते ज्या हॉस्पिटलात काढायचं होतं त्याच्याच तळघरात ससा नोकरीला होता. भटारखान्यात काम करणारा माणूस हॉटेलात जेवताना कसा आधी वास घेऊन बघतो, तसं त्याचं झालं होतं. वर सगळं चकचकीत आहे हे त्याला दिसत होतं. खाली काय शिजतं हे त्याला माहीत होतं.

खाली शिजत होतं ते असं. हॉस्पिटलने एक ज्ञानजाळं विणलं होतं. त्यात जगातली प्रत्येक गोष्ट तीन तुकड्यांच्या वाक्यात सांगायची. अमकी, आई, तमकीची. तमकीला, सोसत नाही, अमुक औषध. अशी लाखो वाक्यं. त्यांच्यावर नियम बसवले होते. नियम वाक्यं वाचायचे आणि त्यांतून नवी वाक्यं काढायचे, मग ती नवी वाक्यं वाचून आणखी नवी, आणि पाहुण्यांनी पाहुणे आणावेत तसं ते घर भरत जायचं. कोणी प्रश्न विचारला, की त्या गर्दीतून वाट काढत उत्तर बाहेर यायचं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न भुलीचा होता. भुलीचा वायू काही घराण्यांना सोसत नाही. एरवी माणूस ठणठणीत असतो, दोन जिने पळत चढतो. पण तो वायू अंगात गेला की अंग लाकडासारखं ताठ होतं, ताप भराभर चढतो आणि वेळेत आवरला नाही तर माणूस टेबलावरच जातो. हे रक्तातून येतं. म्हणून नियम होता, की रक्ताच्या नात्यातल्या कोणाला असं झालं असेल, तर भुलीच्या डॉक्टरांच्या पडद्यावर पेशंटच्या नावापुढे लाल पट्टी यावी. नसेल, तर हिरवी.

पट्टी यायची. पेशंट टाके काढायला आला की यायची. आणि आली की लालच यायची. हिरवी पट्टी कोणी पाहिलीच नव्हती. भुलीच्या डॉक्टरांना अख्खं हॉस्पिटल अंगाईबाई म्हणायचं, तोंडावरसुद्धा, कारण त्यांच्यासमोर कोणी फार वेळ जागं राहत नसे. अंगाईबाईंनी पहिले काही महिने त्या लाल पट्टीचा धसका घेतला, पुढचे काही महिने तळघरात फोन करून शिव्या दिल्या, आणि मग एके दिवशी जखमेला लावायची चिकटपट्टी घेऊन पडद्याच्या त्या कोपऱ्यावर डकवून टाकली. तेव्हापासून त्यांना शांत झोप लागत होती, आणि पेशंटांना तर लागतच होती.

ताईच्या ऑपरेशनची तारीख ठरली त्याच दिवशी ससा साहेबांकडे गेला आणि म्हणाला, हे काम मला द्या. साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, कारण सशाने आजवर काम मागितलं नव्हतं, कामाने त्याला गाठलं होतं.

त्याने नियमांच्या मागे प्रोफायलर लावला. प्रोफायलर म्हणजे हेर. कोणता नियम कितीदा चालतो आणि किती वेळ खातो, हे तो मुकाट्याने टिपत बसतो. आधी सशाने प्रश्नाचीच उलटापालट केली. यंत्र आधी पेशंटचे सगळे नातेवाईक गोळा करायचं आणि मग त्यांच्यात वायू न सोसलेला माणूस शोधायचं. त्याने क्रम फिरवला : न सोसलेली माणसं मूठभर आहेत, तिथून सुरुवात कर आणि नात्यांच्या वाटेने पेशंटपर्यंत ये. डोकेबाज युक्ती होती. फरक शून्य. कुठूनही निघालं तरी वाट एकाच ठिकाणी येऊन तुंबत होती, आणि तिथे मामाचा नियम बसलेला होता.

नियम साधा होता. अमक्याचा मामा तमका असेल, तर अमक्याची आई ही तमक्याची बहीण. यात खोट काढायला जागा नाही. मामा म्हणजे दुसरं काय असतं? पण हेराचं म्हणणं, जवळजवळ सगळा वेळ हा एकटा खातो. ससा खोदत गेला आणि तळाशी त्याला सव्वीस हजार भाचे सापडले. मामा एक.

तो लिफ्टवाला मामा होता.

हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून माणसं वर-खाली करणारा, टक्कल पडलेला, सतत काहीतरी चघळत असल्यासारखा जबडा हलवणारा. त्याला सगळे मामा म्हणायचे : डॉक्टर, नर्सा, पेशंट, पेशंटचे नातू. दाखल होताना जवळच्या माणसाचं नाव विचारतात. ज्याला कोणी नसे, किंवा ज्याचं कोणी फोन उचलत नसे, तो तिथे अडून बसे. मग मामा लिफ्टमधूनच ओरडायचा, माझा नंबर घाल. नातं काय लिहू? लिही मामा, सगळे तेच म्हणतात. अशी वर्षानुवर्षं लोकांची अडलेली कामं निघाली आणि अख्ख्या यंत्रणेचा मामा झाला.

यंत्र बिचारं प्रामाणिक. त्याने हिशेब केला, की शहरातल्या सव्वीस हजार माणसांच्या आया या लिफ्टवाल्याच्या बहिणी. म्हणजे त्या सगळ्या एकमेकींच्या बहिणी. म्हणजे त्या सगळ्यांचे वडील एकच, आणि त्या माणसाच्या तब्येतीबद्दल यंत्राला काही शंका आली नाही. हॉस्पिटलचे संचालक आणि त्यांनी मागच्याच महिन्यात कामावरून काढलेला वॉचमन सख्खे मावसभाऊ निघाले. प्रसूतीच्या वॉर्डात एका जोडप्याला मूल झालं होतं, ती दोघं यंत्राच्या मते आपसांत मावस भावंडं होती आणि बाळ स्वतःचंच नातेवाईक होतं. आणि या सगळ्या गोतावळ्याच्या मुळाशी बसलेल्या मामाला, काही वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये, भुलीचा वायू सोसला नव्हता. मरता मरता वाचला होता. म्हणून शहर लाल.

सशाने कात्री घेतली. नवा नियम लिहिला : मामा म्हटलं म्हणून मामा नाही. आईच्या माहेरची आणि मामाच्या घरची निदान एखादी नोंद जुळली, तरच मामा. पुरावा नाही, तर नातं नाही. सव्वीस हजार नाती एका फटक्यात तुटली. त्यातलं एक त्याच्या स्वतःच्या घरचं होतं, कारण लिफ्टवाला मामा सशाच्या घरीही मामाच होता. आईचा मानलेला भाऊ. दर रविवारी यायचा, सशाचे कान ओढायचा, ताईला चिडवायचा आणि निघताना आईला म्हणायचा, येतो गं. आईच्या वडिलांची नोंद कुठे नव्हतीच. ते नातंही तुटलं. सशाला त्यात वावगं काही वाटलं नाही. मानलेलं ते मानलेलं. नोकरीसुद्धा त्यानेच चिकटवून दिली होती, पण त्याचा रक्ताशी काय संबंध?

मग त्याने ताईचं नाव टाकून प्रश्न विचारला. पूर्वी ज्या प्रश्नाला आठवडा लागायचा, त्याचं उत्तर बोट उचलायच्या आत आलं. हिरवं.

ससा पहिल्यांदाच आपल्या कामावर खूश झाला, आणि लगेच घाबरला, कारण खूश होण्याची त्याला सवय नव्हती. त्याने वर जाऊन अंगाईबाईंना विनवलं, की उद्यापुरती तरी ती चिकटपट्टी काढा. बाई म्हणाल्या, तुझ्या ताईपुरती काढते, पण पुन्हा लाल दिसलं तर ती पट्टी तुझ्या तोंडावर लावीन. त्यांनी त्यांच्या परीने चौकशी केलेलीच होती. घरात कोणाला भुलीचा त्रास झालाय का, असं आईला विचारलं होतं, आणि आई म्हणाली होती, छे, कोणाला नाही.

सकाळी ताईला ढकलगाडीवर घातलं आणि सगळी वरात लिफ्टमध्ये शिरली. ताई, आई, ससा, गाडी ढकलणारी नर्स, आणि स्टुलावर मामा. बाबा जिन्याने गेले. ते लिफ्टने कधीच जात नसत, कारण सशाला भित्रेपणा कुठून आला हा प्रश्न त्या घरात कोणाला पडलेला नव्हता.

ताईचा चेहरा पांढरा पडला होता. ती हसायचा प्रयत्न करत होती आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मामाने ओळखलं. माणसाला धीर द्यायचा म्हणजे आपल्यावर याहून वाईट प्रसंग कसा ओढवला होता ते सांगायचं, अशी त्याची रीत होती. त्याने आपल्या हर्नियाची गोष्ट लावली. कसा तो टेबलावर फळीसारखा ताठ झाला, कसं अंगाला हात लावला तर चटका बसत होता, कसे डॉक्टर बर्फ घेऊन धावले. अंगाईबाईंच्या आधीच्या डॉक्टरांनी नंतर विचारलं होतं, तुमच्या रक्ताचं कोणी आहे का? मी म्हटलं, नाही बुवा, मी एकटा जीव. मग ते पुढे काही बोलले नाहीत. आणि बघ, तुझ्यासमोर बसलोय. ताई खरंच हसली.

मामाला चेव चढला. तो म्हणाला, "माझं तर काहीच नाही. बाबा तर टेबलावरच तापले आणि—"

"गुंड्या, गप," आई म्हणाली. "बाबांचं नाव आत्ता काढू नकोस."

लिफ्ट चालत राहिली. नर्स मजल्यांचे आकडे बघत होती. ताईने डोळे मिटले होते. सशाशिवाय कोणाला काही खटकलं नव्हतं.

तो पोटासाठी काम करायचा ते न जुळणाऱ्या, न सांगितलेल्या गोष्टी हुडकण्याचं. वाक्यात एखादा तुकडा कमी असला की त्याला तो जाणवायचा, दात पडल्यावर जीभ जशी सारखी त्या जागेवर जाते तसा. आईच्या वाक्यात एक शब्द कमी होता. "तुझ्या". आई "तुझ्या बाबांचं" म्हणाली नव्हती. "बाबांचं" म्हणाली होती. आणि आजवर सगळ्या जगासारखी त्याला मामाच म्हणणारी आई, त्याला गुंड्या म्हणाली होती.

सशाला आईकडचे आजोबा आठवू लागले, म्हणजे आठवायला तो तेव्हा जन्मलाच नव्हता, पण आईने एकदा सांगितलेलं आठवू लागलं. अपेंडिक्सचं दुखणं झालं होतं, दवाखान्यात नेलं, आणि तापाने गेले. अपेंडिक्सला नेलेला माणूस तापाने जातो. लहानपणी हे त्याला सरळ वाटलं होतं. आता तीच गोष्ट दुसऱ्या तोंडून पुरी झाली होती.

लिफ्टचा दरवाजा उघडला. गाडी बाहेर गेली, लांब पट्ट्यासारख्या कॉरिडॉरमधून सरकत ऑपरेशन थिएटरच्या झुलत्या दरवाजातून आत गेली, आणि दरवाजे दोनदा हलून स्थिर झाले. आत अंगाईबाई होत्या. त्यांच्यासमोर पडदा होता. पडद्यावर, बहुधा त्या हॉस्पिटलच्या इतिहासात पहिल्यांदाच, हिरवी पट्टी होती, आणि ती सशाने लावली होती.

बाबा जिन्याने धापा टाकत येऊन बाकावर बसले. आई त्यांच्या शेजारी बसली. ससा तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आई, मामा आपला सख्खा का मानलेला?"

आईने त्याच्याकडे असं बघितलं, की जणू त्याने देवळात चपला घालून उडी मारली असावी. "ही वेळ आहे का हे विचारायची?"

"हो."

"मानलेलं म्हणजे काही कमी असतं का?" आई म्हणाली, आणि मग पदराशी चाळा करत ऐकवू लागली, की मामाने कोणाकोणासाठी काय काय केलं, आणि सख्ख्यांनी काय दिवे लावले. प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. सशाने समजावून सांगायला तोंड उघडलं. पण फार घाबरला की माणसाला फक्त कामाची भाषा येते. तो म्हणाला, आई, नियम असा आहे, की नातं जर सममित असेल आणि संक्रामक असेल. आई म्हणाली, याला पाणी द्या कोणीतरी. बाबांनी बाटली पुढे केली.

आता इथे कोणीही शहाणा माणूस दरवाजा ठोठावतो. सशानेही ठोठावला. आतून एक हात बाहेर आला, "आत यायचं नाही" असं लिहिलेल्या पाटीकडे बोट दाखवून परत गेला. तो हात इतका ठाम होता, की ससा त्याला माफ करा म्हणाला.

मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने लॅपटॉप उघडला. त्याच्या मनात जे चाललं होतं ते असं : आपण चुकलो, तर एक चालू ऑपरेशन थांबवलं म्हणून नोकरी जाईल, साहेब जातील, ताईला उगीच परत भूक मारून झोपावं लागेल आणि ती आयुष्यभर ऐकवील. आपण बरोबर असलो आणि गप्प बसलो, तर ऐकवायला ती नसेल. आईचं नाव त्याने तीनदा चुकीचं लिहिलं. चौथ्यांदा बरोबर आलं. तीन तुकड्यांचं वाक्य. आई, सख्खी बहीण, मामाची. पुराव्याच्या जागी काय लिहायचं, ते त्याला कळेना. त्याने लिहिलं, "गुंड्या".

त्याने बटण दाबलं. आजवर हा प्रश्न सोडवायला यंत्राला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात आत ताईचं पित्ताशय, टाके आणि कदाचित ताईसुद्धा संपली असती. आता वाट मोकळी होती. मध्ये सव्वीस हजार भाचे उभे नव्हते. वाक्य गेलं, नियम लागला, आईवरून ताईवर आला, आणि पट्टी लाल झाली. सशाच्या पडद्यावर तरी झाली. आतल्या पडद्यावर चिकटपट्टी काढली होती की नाही, हे फक्त आतल्यांना ठाऊक.

ससा दरवाजाकडे बघत बसला. काही झालं नाही. मग आणखी काही झालं नाही. त्याला वाटलं, आता आत कोणीतरी बर्फ आणा म्हणून ओरडेल. तो कान देऊन ऐकू लागला, आणि त्याला स्वतःचेच दात वाजताना ऐकू आले.

दरवाजे धाडकन उघडले आणि अंगाईबाई बाहेर आल्या. तोंडावर मास्क, डोळ्यांत अंगार.

"हिरवी होती ती माझ्यासमोर लाल झाली," त्या म्हणाल्या. "आजपर्यंत अशी कधी झाली नव्हती. नेहमीची लाल असती, तर बघितलीही नसती मी. कोणाचा खेळ आहे हा?"

ससा बसल्या जागी हात वर करून म्हणाला, माझा. वायू सुरू केलाय का? बाई म्हणाल्या, मुखवटा हातात होता, तेवढ्यात पट्टीखाली लिफ्टवाल्या मामाचं नाव दिसलं. मग त्या आईकडे वळल्या आणि सशाला जे दोन मिनिटांत जमलं नव्हतं ते त्यांनी एका दमात सांगितलं : लिफ्टवाले मामा तुमचे रक्ताचे असतील, तर मी देणार असलेला वायू तुमच्या मुलीला मारू शकतो. नसतील, तर काही प्रश्न नाही. आहेत का?

आईचा चेहरा बघवेना. तिने आधी बाबांकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"सख्खा आहे," ती म्हणाली. "माझा पाठचा भाऊ. आमचे बाबापण टेबलावरच गेले."

बाई मागे फिरल्या. झुलत्या दरवाजातून त्यांचा आवाज येत होता : भुलीचं यंत्र बदला, वायू नको, सगळं शिरेतून द्यायचं, आणि ते उतारा म्हणून ठेवलेलं औषध इथे माझ्या हाताशी आणून ठेवा. दरवाजे हलले आणि आवाज बंद झाला.

बाकावर आई रडत होती. रडता रडता ती बाबांना सांगू लागली, की त्यांच्या घरच्यांना मुलीकडचे सगळे शिकलेले, मास्तर लोक आहेत असं कळवलं होतं, आणि गुंड्या शाळेतून पळून जाऊन तेव्हा कुठेतरी हमाली करत होता. सोयरीक मोडेल म्हणून सगळे गप्प झाले. तोच म्हणाला होता, अगं, मला मानलेला म्हण, येणं-जाणं तर राहील. पुढे तो सगळ्यांचाच मामा झाला आणि त्या गर्दीत हा एक मामा खरा आहे हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. मीसुद्धा विसरल्यासारखी झाले, ती म्हणाली. पोरीच्या जिवावर आलं असतं. डॉक्टर विचारत होत्या तेव्हासुद्धा, आमच्या बाबांचं काढलं तर गुंड्याचंही निघेल म्हणून, मी कोणी नाही म्हणाले. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू.

बाबांनी बाटलीचं झाकण लावलं. "मला माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"लग्नापासून. नाक बघ त्याचं. तुझं काढून त्याला लावलंय."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू म्हणालीस मानलेला," बाबा म्हणाले. "मी मानलं."

आई यावर आणखी रडली, पण वेगळ्या तऱ्हेने. सशाने त्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. त्याच्या मनात आलं, की या घरात नुसतं नाकाकडे बघून जे कळत होतं, ते त्याने हजार नियम पालथे घालून तोडलं. पण हा विचार त्याला पुरता करता आला नाही, कारण दरवाजे अजून बंद होते. औषध बदललं म्हणजे संकट टळलं असं नसतं. टेबलावर माणूस असतो, तोवर काहीही असतं. तो उठून भिंतीपर्यंत जायचा आणि परत यायचा. आई मनातल्या मनात पुटपुटत होती. बाबा पाणी पीत होते आणि बाटली कधीच रिकामी झाली होती.

शेवटी गाडी बाहेर आली. ताईचा चेहरा सुजला होता, ओठ सुकले होते, आणि कपाळाला हात लावला तर ते थंड होतं. ससा हात काढेचना. नर्सने तो उचलून बाजूला ठेवला. अंगाईबाई मागून आल्या, मास्क खाली करून म्हणाल्या, काही झालं नाही, काही होऊ दिलं नाही. मामाला सांगा, तुमच्या सगळ्यांच्या तपासण्या करायच्यात. सशापाशी थांबून त्या म्हणाल्या, "चिकटपट्टी फेकून दिली मी. आता पट्टी लाल झाली तर मी थांबणार. हिरवी झाली तर भूल देणार. कळलं ना?"

ससा म्हणाला, कळलं. आणि कळलं तसं त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

काल त्याने सव्वीस हजार नाती तोडली होती. सगळी खोटी म्हणून. त्यातलं एक खरं निघालं, आणि तेही त्याला सापडलं ते आई लिफ्टमध्ये एक शब्द खाऊन बोलली म्हणून. बाकीच्यांच्या आया बोलताना तो तिथे नव्हता. ती नाती परत जोडावीत, तर शहर पुन्हा लाल होणार, उत्तर पुन्हा टाक्यांच्या वेळी येणार, आणि बाई दुसरी चिकटपट्टी आणणार. तोडलेलीच ठेवावीत, तर बाई हिरव्यावर विश्वास ठेवणार. काल त्या कशावरच विश्वास ठेवत नव्हत्या. त्या मानाने काल शहर सुरक्षित होतं.

तो लिफ्टकडे गेला. दरवाजा उघडला. मामा स्टुलावर बसला होता, डोळे लाल, जबडा हलवायचा थांबलेला. वरची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. ताई बरी आहे हे, आणि आई काय बोलली तेही. त्याने सशाचा कान धरला, ओढला नाही, नुसता धरून ठेवला.

"सगळ्यांसमोर म्हणाली?" त्याने विचारलं.

"सगळ्यांसमोर."

"हं," मामा म्हणाला, आणि त्याने लिफ्ट उगीचच एकदा तळमजल्यापर्यंत नेऊन परत वर आणली. ससा दांडी धरून उभा राहिला. तो लिफ्टला घाबरला होता, आणि जे विचारायचं होतं त्यालाही.

"मामा, बाकीचे सगळे तर मानलेलेच ना?"

मामाने विचार केला. एक मजला गेला, दुसरा गेला.

"बहुतेक," तो म्हणाला.

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे असं बघ. आमच्या बाबांना पाच भाऊ. त्यांना मुली खंडीभर. कुठे कुठे दिल्या, कोण जिवंत आहे, काही पत्ता नाही. त्यांची पोरं कधी या लिफ्टमध्ये चढली, तर मला मामाच म्हणणार की. मला कसं कळणार कोण कोणतं? मी सगळ्यांच्याच नावापुढे माझा नंबर घातला."

सशाने खाली फतकल मारली, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि भाच्यांना परत बोलावायला सुरुवात केली. पण या वेळी लाल नाही, हिरवं नाही, नावापुढे फक्त "विचारा". कोणी विचारायचं, कसं विचारायचं, सव्वीस हजार लोकांना विचारेपर्यंत कोण टेबलावर जाईल, याचा नियम त्याला सुचेना. उद्याच्या ऑपरेशनांत किती नावं आहेत, ते बघायचं धाडस त्याने दोनदा केलं आणि दोन्ही वेळा डोळे मिटून घेतले.

लिफ्ट थांबली. एक बाई हातात कपड्यांची पिशवी घेऊन आत आल्या, आणि बोटाने वर दाखवत म्हणाल्या, "मामा, तिसरा."

ससा खालूनच म्हणाला, "बाई, तुमच्या आईच्या वडिलांचं नाव काय?"

बाई पिशवी छातीशी धरून मामाच्या आड सरकल्या.